कुशीवरची धूळ

हत्तीच्या लिदीचा वास मला आवडतो. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटत नाही. ज्यांना वाटेल त्यांनी तो वास घेतलेला नसतो. उसाच्या शेंड्याची ओली वाढी, चघळलेले गवत आणि त्यांखाली किंचित आंबूस ऊब असे ते मिश्रण असते. हत्ती जेवढे खातो त्यातले बरेचसे न पचवताच परत देतो, म्हणून त्या वासात पोटापेक्षा शेत अधिक असते. कृष्णाकाठच्या त्या गावी मी जात असे तेव्हा देवळामागच्या हत्तीखान्यातून निघालेला हा वास चिंचेच्या झाडापर्यंत मला सामोरा येई. एका चैत्रात, देवीच्या यात्रेला पाच दिवस उरले असताना, मी चिंच ओलांडली, हत्तीखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले, तरी तो आला नाही. आत धुतलेल्या फरशीचा आणि फिनेलचा वास होता. तपासणी मी तिथेच सुरू केली, असे म्हटले तरी चालेल.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी बत्तीस वर्षे सरकारी पशुवैद्य होते. वडील वाईला संस्कृत शिकवत. घरी सकाळी काव्य आणि संध्याकाळी पुन्हा काव्य. स्त्रीच्या डौलदार चालीला कवी हत्तीच्या चालीची उपमा देतात, हे मला हत्ती पाहण्याच्या कितीतरी आधी पाठ होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर कळले की कवींनी खरी गोष्ट सांगितलीच नव्हती. हत्तीच्या चालण्याला आवाज नसतो. तळव्यात मऊ गादी असते. पाय टेकला की ती पसरते, उचलला की आवळते. चार टनांचे जनावर तुमच्या पाठीमागे येऊन उभे राहते आणि मानेवर गरम श्वास पडेपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही.

माझ्या दप्तरात म्हशी होत्या, बैल होते, माणदेशातून उतरणारे मेंढ्यांचे कळप होते. हत्ती एकच होता, मंजुळा. तरुणपणी कर्नाटकातून आलेली ही हत्तीण त्या वेळी पंचेचाळिशीच्या आसपास असावी. त्या गावात देवीची पालखी मंजुळेने सोंड उंचावून सलामी दिल्याशिवाय उठत नसे. सलामीनंतर पालखीच्या पुढे, झूल पांघरून, नदीपर्यंत आणि परत असे सहा तास ती चालत असे. यात्रेच्या आठवड्यात गावातल्या बायका तिची ओटी भरत, कारण ती देवीची माहेरवाशीण. खण, नारळ, तांदूळ, गुळाचा खडा. मंजुळा खण सोंडेने अलगद उचलून कपाळाला लावी आणि माहुताच्या टोपलीत टाकी. नारळ आणि गूळ मात्र स्वतःकडे ठेवी. हा न्याय तिला कोणी शिकवला होता की तिने स्वतःच ठरवला होता, याबद्दल गावात दोन मते होती.

माहुताचे नाव दस्तगीर. साठीचे, काटक, मिशा पांढऱ्या, बोलणे मोजके. सारे गाव त्यांना मामा म्हणे, मीही म्हणत असे. हत्ती तपासायला मला पुस्तकांनी थोडे शिकवले आणि मामांनी बरेच. हत्तीला नखांच्या कडेशी घाम येतो. सकाळी तिथे दंवासारखी ओल दिसली की जनावर ठीक. कान हलत असले की ठीक, थांबले की आपण सावध व्हायचे. ताप पाहायचा तर ताज्या लिदीच्या गोळ्यात थर्मामीटर खुपसायचा. नाडी कानामागे लागते आणि इतकी संथ असते की पहिल्यांदा मोजताना मला वाटले, मीच मध्ये एखादा ठोका विसरते आहे.

वजनाची गंमत वेगळी. औषध वजनावर द्यायचे असते आणि हत्तीला तोलणारा काटा कोणत्याही दवाखान्यात नसतो. आम्ही मंजुळेला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेले. पुढे उसाच्या बैलगाड्या, मागे ट्रॅक्टर, मधे आम्ही. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारले, “गाडी नंबर?”

“नंबर न्हाई,” मामा म्हणाले.

“मग पावती निघत न्हाई. रिकामी का भरल्याली?”

“सकाळी भरल्याली हुती. वाटंत जरा रिकामी झाली.”

तेव्हा त्याने मान वर केली. पावतीवर नंबराच्या जागी त्याने ‘देवी प्रसन्न’ असे लिहून दिले. ती पावती मी अजून जपली आहे.

त्या चैत्रात सकाळी मामांचा फोन आला तो इतकाच होता : “डॉक्टरीणबाई, मंजूनं कालपास्नं लीद टाकली न्हाई. कान बी हालवंना.” मी पोचले तेव्हा मंजुळा मागचे पाय ताणून उभी होती आणि सोंडेचे टोक तोंडात धरून चावत होती. माणूस पोटात कळ आल्यावर ओठ चावतो तसे. पोटाला कान लावला. निरोगी हत्तीच्या पोटात दूरच्या धबधब्यासारखी घरघर असते. इथे शांतता होती.

“मामा, काय खाल्ले तिने?”

“नेहमीचंच. वाढी, कडबा, भाकरी.”

“आणखी?”

मामा फरशीकडे पाहू लागले. त्यांच्या त्या पाहण्याचा अर्थ मला दहा मिनिटांनी कळला, जेव्हा आक्का आल्या. आक्का म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष अण्णा यांच्या मातोश्री. वय ऐंशीपलीकडचे, कपाळ मोकळे, आवाज खणखणीत. पणतू झाला म्हणून त्यांनी नातसुनेच्या हातून मंजुळेची ओटी भरवली होती, हे त्यांनीच मला मोठ्या अभिमानाने सांगितले.

“आवं बाई, समदी ओटी घेतली बघा तिनं. खणासकट! आजपातुर कुणाचा खण तिनं ठिवून घेतला न्हवता. देवीनं माझा पदरात घेतला.”

“खणासकट म्हणजे? खाल्ला?”

“गूळ सांडू नये म्हनून मी खणातच बांधला हुता की. अकरा खडं, अकरा खण.”

मी मामांकडे पाहिले. ते हळूच म्हणाले, “मग गल्लीतल्या बायका बी तसंच बांधून आनू लागल्या. देवीनं आमचा बी घ्यावा म्हनून. मी कुनाकुनाला न्हाई म्हनू, बाई? अध्यक्षांच्या आईनं सुरू केल्यालं.”

पूर्वीचा खण सुती असे. ओटीतले हल्लीचे ब्लाउजपीस कोणी शिवत नाही. ते या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात आणि नायलॉनचे असल्यामुळे फिरून झिजतही नाहीत. माणसांच्या घरात त्यांचा प्रवास निरुपद्रवी असतो. मंजुळेच्या आतड्यात तो अडला होता.

पुढचे दोन दिवस मी आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात नीट केलेले काम केले, असे आज निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना म्हणते. कानाच्या शिरेतून सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या, कळ थांबवणारे इंजेक्शन, पोटात तेल. लग्नातल्या आचाऱ्यांची मोठी पातेली मागवून बायकांनी पाणी कोमट केले. ते नळीने मागच्या वाटेने आत सोडायचे आणि मग तेल चोपडलेला हात खांद्यापर्यंत आत घालून जे लागेल ते बाहेर काढायचे. मी स्टुलावर उभी, गालाशी तिची खरखरीत कातडी, आणि हात एका उष्ण, ओल्या, जिवंत अंधारात. पुढे सोंडेशी मामा उभे. “धत्, बेटी, धत्,” एवढेच ते म्हणत होते; माहुतांच्या भाषेत धत् म्हणजे थांब. तिने एक पाऊल मागे घेतले असते तर मी भिंतीला चिकटले असते. तिने ते घेतले नाही.

पहिल्या दिवशी दुपारी बोटांना कडक लिदीच्या पलीकडे काहीतरी वेगळे लागले. कापडाचा काठ होता. हात बाहेर आला तेव्हा बोटांत पोपटी रंगाची पिळवटलेली चिंधी होती, तिला जरीची कड. मग जांभळी. मग लाल. बायका पाहत होत्या. प्रत्येकीला आपापला खण ओळखू येत असावा. आक्का पातेल्यापाशी बसून होत्या. सातव्या खणाला त्या उठल्या आणि घरी निघून गेल्या.

खरी गोष्ट मला कळली ती दुसऱ्या दिवशी. पोटात कळ असलेला हत्ती लोळतो, बसतो, उठतो. मंजुळा दोन्ही दिवस उभीच होती. तिच्या मांड्या थरथरत होत्या. मी म्हटले, “मामा, तिला आडवी करा. थोडी विसावेल.”

“ती आडवी हुत न्हाई, बाई.”

“आज होत नाही की—”

“दोन वरीस झाली. निजतच न्हाई ती.”

हत्ती उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज दोन-तीन तास कुशीवर पडावेच लागते. पडला की सकाळी त्या कुशीवर धूळ असते. मामा पूर्वी ती झाडूने झटकत. गेल्या दोन वर्षांत मी जेव्हा जेव्हा तपासायला आले तेव्हा तिची कूस मला लख्ख दिसली होती, आणि प्रत्येक अहवालात मी लिहिले होते : शरीर स्वच्छ, निगा उत्तम.

दोन वर्षांपूर्वी काय झाले होते, हे आठवायला मला फार खोल जावे लागले नाही. अण्णांनी वडिलांच्या स्मरणार्थ हत्तीखान्याची मुरूम-मातीची जमीन काढून तिथे चकचकीत फरशी बसवली होती. उद्घाटनाला प्रमुख पाहुणी मी. माझ्या भाषणात ‘आरशासारखी’ असा शब्द होता. टाळ्या पडल्या होत्या. त्या आरशावर पाणी सांडले की मंजुळेचे पाय सरकत. एकदा ती पडली आणि तिला उठायला पाऊण तास लागला. त्या दिवसानंतर तिने पडायचेच सोडून दिले. उभे राहून राहून पुढच्या पायांचे तळवे झिजले होते, डाव्या पायाच्या दोन नखांना चिरा गेल्या होत्या.

“मला का नाही सांगितलेत?”

मामांनी उपरणे खांद्यावर सारखे केले. “सांगितलं असतं तर तुमी लिवलं असतं. लिवलं असतं तर तिला दुसऱ्या राज्यात न्येली असती, त्या हत्तींच्या मोठ्या केंद्रात. मग मी काय करू हतं?”

दुसऱ्या संध्याकाळी, ऊन उतरताना, मंजुळेने शेपटी वर केली. पहिला गोळा पडला तो चिंध्यांनी गुंडाळलेला होता, दुसरा जरा मोकळा, तिसरा स्वच्छ. त्यांतून वाफ निघत होती. बायकांनी हळदीकुंकवाचे ताट आणले आणि ते मंजुळेला दाखवावे की लिदीला, याचा क्षणभर त्यांना उलगडा होईना. मी हात धुतले आणि बऱ्याच वेळाने खाली बसले.

यात्रेला तीन दिवस होते. अण्णा आले, मिठाईचा पुडा घेऊन. हल्ली हत्तीला मिरवणुकीत न्यायचे तर पशुवैद्याचा दाखला लागतो. तो कागद पुड्याखाली होता.

“बाई, एक सही तेवढी. पोरगी बरी झाली की आपली.”

“पोट बरे झाले, अण्णा. पाय नाहीत. चैत्रातल्या डांबरावर सहा तास ती चालणार नाही.”

“टँकर लावतो. रस्ता भिजवत न्हेऊ.”

“आणि ते भोंगे? भिंतीएवढे?”

“भोंगं मागं ठिवतो.” मग आवाज खाली आला. “तुमाला म्हाईत न्हाई व्हय? सलामीबिगर पालखी हालत न्हाई. माझ्या अध्यक्षपदात हे झालं तर गाव काय म्हनंल मला? आन् कमिटीतले काही जण टपूनच हायेत, हत्ती धाडून द्या म्हनणारे.”

मी मामांकडे पाहिले, आधारासाठी. ते पुढे आले आणि त्यांनी हात जोडले, पण मला.

“द्या सही, बाई. एवढ्या बारीला. न चालनारी हत्तीण कोन ठिवून घेनार?”

सही केली नाही. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी सगळे लिहिले : तळवे, नखे, फरशी, दोन वर्षांची न झालेली झोप, आणि दोन वर्षे ती माझ्या लक्षात आली नव्हती हेसुद्धा. मामांना वाचता येत नव्हते. त्यांनी अण्णांकडून वाचून घेतले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, “निजत न्हाई हे मी तुमाला सांगितलं हुतं. सरकारला न्हाई.”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

गावाचा पेच आक्कांनी सोडवला, आणि तोही हुकूम दिल्यासारखा. देवळाच्या ओट्यावर कमिटी बसली असताना त्या काठी टेकत आल्या. “लेक बाळंतीण असली, आजारी असली, तर आई तिला बोलावती का? आई जाती. पालखी हत्तीखान्याकडनं न्या.” आणि मुलाकडे वळून : “आन् ती फरशी काढ.”

“आई, दादांच्या नावाची हाय ती!”

“तुज्या दादांनी उभ्या जन्मात कुणाला उभं ठिवलं न्हवतं. काढ म्हनते ना.”

पालखी हत्तीखान्याच्या दारात आली. मंजुळेने सोंड उंचावली. मग गुलालाचा लोट तिला वळसा घालून नदीकडे निघून गेला आणि ती कान हलवत त्या दिशेला पाहत राहिली. काही म्हाताऱ्यांना ते रुचले नाही. त्यांचे मी समजू शकते. झुलीखाली चालणाऱ्या मंजुळेचे रूप मीही डोळे भरून पाहिले आहे, आणि ते दृश्य आता कोणाला दिसणार नाही याला माझा कागद कारण आहे.

माझा अहवाल वर गेला आणि वरून उत्तर आले : सहा महिने. तोवर ती आडवी होऊन झोपू लागली तर गावात राहील. नाही तर केंद्रात जाईल, आणि माहुताला तिथे जागा नाही. पहारींनी फरशी निघाली. नदीकाठची गाळवट रेताड माती आली. भिंतीशी मी तिचा उतरता ढीग करायला सांगितला, कारण पाय दुखणारा हत्ती थेट जमिनीवर पडायला भितो; ढिगाला टेकून अर्धे अंग टाकता आले तर उठणेही सोपे जाते. रोज सकाळी पाय औषधाच्या पाण्यात, मग नालबंदाच्या कानसीने नखे हलके हलके घासणे. हे सगळे मामा करत. मी सांगत असे तेव्हा त्यांची मान दुसरीकडे असे. पण मी सांगितलेले एकही काम त्यांनी चुकवले नाही.

मंजुळा त्या मातीशी खेळे, सोंडेने पाठीवर उडवी, ढिगाला अंग घासे. पाय मुडपत नसे. भीती तळव्यात नव्हती, ती कुठे होती हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. शिराळ्याकडच्या गोठ्यांत साथ आली म्हणून मी महिनाभर तिकडे अडकले. जनावराला झोप यावी म्हणून वैद्याला काहीच करता येत नाही, हे मी त्या महिन्यात पुरते शिकले. आपण फक्त जागा करून ठेवायची.

मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. सकाळी लवकर निघून मी गावात पोचले. शेतांवर धुके, वाटेत ऊसतोडीच्या टोळ्या. हत्तीखान्याचे दार उघडे होते आणि झाडू भिंतीला टेकवलेला होता. मामा मंजुळेच्या बाजूला उभे होते, हात मागे बांधून. तिची डावी कूस खांद्यापासून मांडीपर्यंत मातकट झाली होती, आणि त्या मातीत तिच्या श्वासाबरोबर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या बारीक भेगा होत्या. मी हात लावला. धूळ बोटांना लागली, कोरडी आणि अजून उबदार.

मामांनी सहा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिले.

“निजली.”